हृदय बंद पडले, पण कशाने?

वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मी रोज वाचतो. पन्नाशी ओलांडली की ही सवय बहुतेकांना लागते. त्यात एक वाक्य हमखास येते : 'हृदयक्रिया बंद पडल्याने निधन झाले.' मी कविता लिहिणारा माणूस, शब्दांकडे थोडे संशयाने पाहण्याची मला खोड आहे. हे वाक्य वाचले की मनात येते, हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कुणी मेला आहे का? वाघाने खाल्लेल्याची हृदयक्रिया बंद पडते, पुरात वाहून गेलेल्याची बंद पडते आणि शंभरी गाठून झोपेत गेलेल्या आजीचीही बंद पडते. हे वाक्य मृत्यूची बातमी सांगते, कारण सांगत नाही.

माझी ही शंका कवीची लहर नव्हे. आपला कायदाही तेच म्हणतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यूचे कारण लिहिण्याचा एक छापील नमुना आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर ४ अ. त्यात डॉक्टरने एकाखाली एक ओळी भरायच्या असतात. शेवटी नेमके काय झाले, ते कशामुळे झाले आणि त्याच्या मुळाशी काय होते? डॉक्टरांना स्पष्ट सूचना आहे की नुसते 'हृदय बंद पडले', 'श्वास थांबला' असे लिहू नका, ती मरण्याची रीत झाली. खालच्या ओळीपर्यंत जा, मूळ सांगा.

प्रत्यक्षात काय होते? २०२० साली आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. म्हणजे शंभरातल्या सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर माणसांच्या बाबतीत ती खालची ओळ कुणी भरलीच नाही. आज मला बोलायचे आहे ते यातल्या एका अवघड कोपऱ्याबद्दल. एखादा माणूस, बहुधा तरुण, अचानक मेलेला आढळतो. खिशात गोळ्यांचे पाकीट असते, नाहीतर उशाशी खोकल्याच्या औषधाची बाटली. गाव ठरवून टाकते : नशेने मेला. हे खरे की खोटे, हे कसे ठरवायचे?

आधी थोडे त्या पदार्थांविषयी. अफू आपल्याला जुनी. 'अफूची गोळी देणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. अफूच्या बोंडाच्या चिकापासून मॉर्फिन आणि कोडीन मिळते. मॉर्फिनवर प्रक्रिया केली की हेरॉईन. त्याचे भेसळीचे, स्वस्त रूप म्हणजे ब्राउन शुगर, आपल्या मराठीत गर्द. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने किती घरे पोखरली, हे डॉ. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकामुळे मराठी वाचकाला घरबसल्या कळले. त्यातूनच १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले.

आता या कुटुंबात कारखान्यात तयार होणारी भावंडे आली आहेत : ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल. ही मुळात औषधे आहेत, हे विसरू नये. कर्करोगाच्या रुग्णाच्या वेदना शमवणारे मॉर्फिन ही माणुसकीची गोष्ट आहे. पण हीच औषधे चिठ्ठीशिवाय, मनाला येईल तशी घेतली गेली की घात करतात. ट्रामाडॉलचा गैरवापर इतका वाढला की एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू वर्गातले पदार्थ घेत होते. त्यातल्या सुमारे ७७ लाखांना त्यापासून अपाय होत होता किंवा ते त्यावर अवलंबून होते. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेले मृत्यू किती? देशभरात मिळून सातशेच्याही आत. ७७ लाख आणि सातशे, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकतर आपल्याकडे असे मृत्यू फारच कमी होतात, नाहीतर होतात पण ओळखले जात नाहीत. मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

हे पदार्थ मारतात कसे? मेंदूच्या तळाशी श्वासाचा ताबा ठेवणारे केंद्र आहे. रक्तात कर्बवायू साठला की ते केंद्र आपल्याला श्वास घ्यायला लावते, झोपेतसुद्धा. अफू वर्गातला पदार्थ प्रमाणाबाहेर गेला की हे केंद्र सुस्तावते. श्वास मिनिटाला पंधराचा आठ होतो, आठाचा चार होतो. माणूस घोरत असल्यासारखा आवाज करतो. घरचे म्हणतात, गाढ झोप लागली आहे, झोपू द्या. पहाटे आवाज थांबलेला असतो.

आता आमच्या गावाकडे या. अक्कलकुवा हे नंदुरबार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचे. पश्चिमेला थोडे गेले की गुजरातची हद्द लागते. उत्तरेला देवगोईचा घाट चढून गेले की मोलगी, आणि पुढे सातपुड्याच्या डोंगररांगा उतरत थेट नर्मदेपर्यंत जातात. महामार्गावर रात्रंदिवस ट्रक. डोंगरातले आदिवासी बांधव मजुरीसाठी, ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, महिनोन् महिने बाहेर राहतात. अशा ठिकाणी सकाळी एखादा माणूस अंथरुणात, ट्रकच्या केबिनमध्ये किंवा शेताच्या बांधावर मेलेला आढळला, तोंडाला फेस आहे, नखे निळी पडली आहेत, तर तो कशाने मेला असेल?

अफू वर्गातल्या पदार्थाने मेला असेल. पण मण्यार चावूनही मेला असेल. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना फारशी होत नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडतो. किंवा फवारणीचे कीटकनाशक पोटात गेले असेल. त्यातल्या एका मोठ्या वर्गाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि तोंडाला फेस येतो. अफूनेही अगदी तसेच होते. किंवा फिट आली असेल, विषारी दारू असेल, हृदयाची धमनी तुंबली असेल. जड झालेली फुप्फुसे, फेस, निळी नखे या खुणा यातल्या बऱ्याच मृत्यूंत दिसतात. आणि बाहुल्यांचा आकार मृत्यूनंतर बदलू शकतो, म्हणून त्यावरही फार विसंबता येत नाही. एकट्या बाह्य खुणेवर कुणी शहाणा डॉक्टर निकाल देत नाही. निकाल देतो तो गावचा पार.

अशा वेळी कायद्याचा रस्ता ठरलेला आहे. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनरचे वेगळे न्यायालय असे, पण बाकी महाराष्ट्रात हे काम पहिल्यापासून पोलिसांचेच. पंचांसमक्ष पंचनामा होतो, मग शवविच्छेदन. संशय असेल तर डॉक्टर 'मत राखून ठेवले' असे लिहून व्हिसेरा काढून ठेवतात. व्हिसेरा म्हणजे शरीराच्या आतले अवयव : जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा तुकडा, सुमारे अर्धा किलो यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरण्यांत भरतात आणि त्यावर मिठाचे घट्ट द्रावण ओततात. होय, साधे मीठ. लोणच्यात जे काम मीठ करते, तेच इथे : कुजणे थांबवते. रक्त वेगळ्या बाटलीत, वेगळे रसायन घालून. बरण्यांवर लाखेची मोहोर. सोबत त्याच मिठाच्या कोऱ्या द्रावणाचाही नमुना जातो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की विष मिठातच होते.

या बरण्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला, आणि नाशिकसारख्या ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा. पोलीस ठाण्यात मात्र अजून 'सी. ए. रिपोर्ट' हाच शब्द चालतो. सी. ए. म्हणजे केमिकल अॅनालायझर, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याचे पद. पद गेले, शब्द राहिला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. गुंता यानंतर सुरू होतो. आपण समजतो की प्रयोगशाळेने 'सापडले' म्हटले की कारण मिळाले आणि 'सापडले नाही' म्हटले की प्रश्न मिटला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पहिली समजूत घेऊ. पदार्थ सापडला म्हणजे त्यानेच मारले असे का म्हणता येत नाही? कारण अफू वर्गातल्या पदार्थांना 'इतके घेतले की मृत्यू' अशी एक रेघ नाही. शरीराला सवय होते. कर्करोगाचा रुग्ण हळूहळू वाढवत नेलेल्या मॉर्फिनच्या ज्या मात्रेवर बसून चहा पितो, तीच मात्रा नवख्या माणसाचा श्वास थांबवेल. याच्या उलटही खरे आहे. व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे काढलेला किंवा तुरुंगातून नुकताच सुटलेला माणूस पूर्वीच्याच मात्रेकडे वळतो आणि मरतो, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे यासाठी सर्वांत धोक्याचे, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून नुसता आकडा उपयोगाचा नाही. तो माणूस रोज घेणारा होता की कधीतरी घेणारा, मध्ये किती दिवस बंद होते, हे कळल्याशिवाय आकडा मुका असतो.

दुसरी अडचण, मृत्यूनंतरही औषध शरीरात फिरते. यकृत, फुप्फुसे, जठर यांत साठलेला पदार्थ हळूहळू झिरपून हृदयातल्या रक्तात उतरतो. अशा रक्तात मोजले तर मरताना होते त्यापेक्षा जास्त भरते. म्हणून जाणकार डॉक्टर रक्त हृदयातून न घेता मांडीच्या शिरेतून घेतात. नमुना कुठून घेतला, हे कागदावर लिहिलेले नसेल तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

तिसरी अडचण घरातल्या डब्यात बसलेली आहे. अनारशाला लावतो ती खसखस अफूच्याच बोंडातली. खसखशीचा पदार्थ भरपूर खाल्ला तर लघवीच्या तपासणीत मॉर्फिन दिसू शकते. अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीत याने इतका घोळ झाला की १९९८ साली तिथे तपासणीची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर न्यावी लागली. शिवाय कोडीन असलेले खोकल्याचे औषध घेतले तर यकृत त्यातल्या काही भागाचे मॉर्फिनच करते. म्हणजे मॉर्फिन सापडले तरी ते गर्दमधून आले, औषधातून आले की खिरीतून, हा प्रश्न उरतोच. हेरॉईनची एक खास खूण असते, ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन नावाची. ती रक्तातून लवकर नाहीशी होते, पण लघवीत आणि डोळ्याच्या गोळ्यातल्या पारदर्शक द्रवात तुलनेने जास्त टिकते. म्हणून तो डोळ्यातला द्रव घेणे महत्त्वाचे. डोळा बंदिस्त असल्याने तिथे कुजणेही उशिरा पोहोचते.

आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. सापडले नाही म्हणजे नव्हते का? अफूसाठीची जी झटपट चाचणी असते ती मॉर्फिनच्या घाटाचे रेणू ओळखते. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल यांची घडण वेगळी. ते त्या जाळ्यातून निसटतात. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी लागते, ज्यात प्रत्येक पदार्थ आधी सुटा करून मग त्याच्या तुकड्यांचे वजन घेतले जाते. पण 'याचा शोध घ्या' असे कुणीतरी सांगावे लागते. ते सांगणार कोण? ज्याने खिशातले पाकीट पाहिले तो. पाकीट भीतीपोटी कुणी विहिरीत टाकले असेल, तर प्रयोगशाळेला काय शोधायचे हेच कळणार नाही.

आणि पुष्कळदा एकच पदार्थ नसतो. थोडी दारू, एक झोपेची गोळी, दोन ट्रामाडॉल. प्रत्येकाचे प्रमाण तसे साधे, पण तिघे मिळून श्वास थांबवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बी.बी.सी.ने टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध एकत्र करून बनवलेल्या गोळ्या महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे उघड केले. त्यानंतर केंद्र सरकारने त्या मिश्रणाची निर्मिती आणि निर्यात थांबवण्याचे आदेश दिले. दोन्ही औषधे माणसाला गुंगी आणणारी. एकत्र आली की धोका दुणावतो.

हे सगळे मला कसे माहीत, असे कुणी विचारेल. मी डॉक्टर नाही, साधा बी.ए. आहे. पण आमच्या गावात मराठी नीट लिहिणारा म्हणून लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. काही वर्षांपूर्वी एक वडील आले. मुलगा ट्रकवर होता, चाळिशीच्या आतला. धाब्यावर रात्री गाडी लावून झोपला तो उठला नाही. खिशात वेदनाशामक गोळ्यांचे अर्धे पाकीट. त्या दिवसापासून गावात त्याचे नाव 'गोळ्या खाणारा' असे पडले होते. वडील मला म्हणाले, "साहेब, तो पाठदुखीवर गोळ्या घ्यायचा. पण नशेत मेला का, तेवढे मला कळू द्या. वाईट असले तरी चालेल."

आम्ही अर्ज केला. कळले ते असे की प्रयोगशाळेचा अहवाल केव्हाच आला होता. त्यात ट्रामाडॉल आढळल्याचे लिहिले होते, किती ते नव्हते. तो कागद फायलीला लावून ठेवला होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे अंतिम मतासाठी तो गेलाच नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा. डॉक्टरांनी हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवला होता, तोही अहवाल मागवला. अखेर अंतिम मत मिळाले : हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी. ट्रामाडॉल शरीरात होते, पण मृत्यूला ते कारण ठरल्याचे दिसत नाही. वडिलांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. धाकट्या मुलाला हृदयाच्या डॉक्टरकडे दाखवा, एवढे मी त्यांना सांगितले, कारण इतक्या कमी वयातला हृदयविकार कधी कधी घराण्यात असतो. नशेने मेला एवढ्यावर गाव थांबले होते. तिथेच आम्हीही थांबलो असतो, तर या मुलाला कुणी दवाखान्यात नेलेच नसते.

ही झाली सापडूनही कारण न ठरलेल्याची गोष्ट. याच्या उलट, शोधलेच नाही म्हणून न सापडलेल्याच्या गोष्टी जास्त आहेत आणि त्या भयंकर आहेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. लोकांचा लाडका. तो आपल्या रुग्णांना, बहुतेक वृद्ध स्त्रियांना, हेरॉईनचेच औषधी रूप असलेल्या डायमॉर्फिनची सुई देऊन मारत असे आणि मृत्यूचा दाखला स्वतःच लिहीत असे : वृद्धापकाळ, हृदयविकार. कुणी शंका घेतली नाही, कारण दाखला नीट भरलेला होता. १९९८ साली कॅथलीन ग्रंडी या ८१ वर्षांच्या बाईंच्या मृत्युपत्रावरून त्यांच्या मुलीला संशय आला. प्रेत उकरून काढले, त्यात मॉर्फिन सापडले. जानेवारी २००० मध्ये शिपमन १५ खुनांसाठी दोषी ठरला. २००२ साली चौकशी आयोगाने बळींची संख्या २१५ सांगितली. ज्यांचे दफन झाले होते त्यांच्यापैकी काहींचे अवयव तरी तपासता आले, ज्यांचे दहन झाले त्यांच्या बाबतीत तेही शक्य नव्हते. दाखल्यावर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरची नजर हवी, हा धडा इंग्लंडने यातून घेतला. ती पद्धत तिथे कायद्याने सर्वत्र लागू व्हायला मात्र सप्टेंबर २०२४ उजाडले.

आपल्याकडचे उदाहरण अधिक हळवे आहे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्या बाळाला बाळागोळी देत. त्यात अफू असे. १९२२ च्या सुमारास या स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवले की गिरणी कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. त्या आया निर्दय नव्हत्या. दहा तासांची पाळी आणि सांभाळायला कुणी नाही, म्हणून त्या बाळाला झोपवत. अशा एखाद्या बाळाचा श्वास दुपारी खोलीतच मंदावला, तर 'आकडी आली', 'अशक्त होते' यापुढे कोण विचारणार होते? अफूच्या मृत्यूचा तो दाखला बहुधा कधी लिहिलाच गेला नाही. लिहिला गेला असता तर कदाचित पाळणाघराची मागणी लवकर पुढे आली असती.

आणि शेवटी, उशाशी सापडलेल्या बाटलीवरही आंधळा विश्वास नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुले दगावू लागली. ताप-खोकल्याने सुरुवात, मग लघवी बंद. आधी वाटले साथ आहे. काही मुले नागपूरला आणली गेली. मूत्रपिंडाचा तुकडा तपासल्यावर विषाचा संशय आला. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे औद्योगिक रसायन निघाले, ४८.६ टक्के. चालू शकते ते फार तर ०.१ टक्का. वीसहून अधिक बालके गेली. याच रसायनाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते, ग्लिसरीनमधून. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. खोकल्याची बाटली दिसली की आपण नशेचा विचार करतो. बाटलीत भलतेच काही असू शकते आणि ते वेळीच कळले तर दुसरे मूल वाचते.

म्हणून मी म्हणतो, मृत्यूचे खरे कारण ही मेलेल्याची नव्हे, जिवंत माणसांची गरज आहे. अमेरिकेत २०२२ साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे १ लाख ८ हजार माणसे गेली. २०२४ साली तो आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. आधी वेदनाशामक गोळ्या, मग हेरॉईन, मग फेंटानिल अशी लाट कशी बदलत गेली, हे तिथे कळले ते दाखल्यांवर पदार्थाचे नाव लिहिले गेले म्हणून. ज्या दाखल्यांवर नुसते 'अतिसेवन' होते, ते मोजताना निरुपयोगी ठरले.

आपल्या शेतकरी कुटुंबाला तर ती एक ओळ थेट भाकरीशी जोडलेली आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने किंवा विषबाधेने शेतकरी गेला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. अमली पदार्थाच्या अंमलाखाली अपघात झाला असेल तर मिळत नाहीत. मण्यार चावून मेलेल्याला गावाने नशेत मेला म्हटले आणि कुणी तपासले नाही, तर विधवेच्या हातून तेवढे पैसे जातात आणि वर बोल लागतो.

मग आपण काय करावे? शवविच्छेदनाला घाबरू नये. आमच्या समाजात लवकर दफन करण्याची रीत आहे, देहाची चिरफाड नको वाटते. हिंदू आणि आदिवासी घरांतही वेगळे नाही. ती भावना मी समजतो. पण तपासणीनंतर देह परत मिळतो आणि आंघोळ, कफन, नमाज, सारे सन्मानाने करता येते. मृताजवळची पाकिटे, बाटल्या, उलटी लागलेले कपडे फेकू नयेत, धुऊ नयेत, पोलिसांना द्यावेत. कुठली औषधे चालू होती, व्यसन होते का, मध्ये सुटले होते का, शेवटचे कधी बोलला, घोरत होता का, हे खरे खरे सांगावे. लाजेपोटी लपवलेली गोष्ट तपासाची वाट बुजवते. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर तिथे थांबू नये. अहवाल आला का, तो डॉक्टरांकडे गेला का, अंतिम मत लिहिले का, हे लेखी अर्ज करून विचारावे.

आणि मृत्यूपर्यंत जाऊच देऊ नये. कुणी हाक मारूनही उठत नाही, घरघर घोरतो आहे, श्वास फार मंद आहे, ओठ निळे पडत आहेत, तर ती झोप समजू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, काय घेतले असेल ते सांगा. अफू वर्गाचा अंमल उतरवणारे नॅलोक्झोन नावाचे इंजेक्शन आहे. ते वेळेवर मिळाले तर मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण डॉक्टरला ते सुचायला हवे, आणि सुचण्यासाठी आपण खरे बोलायला हवे.

मृत्यूच्या दाखल्यातली खालची ओळ लहान असते. ती कोरी राहू नये, खोटी भरली जाऊ नये, एवढे आपण मागू शकतो. तो आपला हक्क आहे, आणि त्याच वाटेने उद्या चालणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या जिवाचा प्रश्नही.